श्वानपालन – वाचकांचे प्रश्न : आज्ञा कोणत्या भाषेत द्याव्यात?

प्रश्न : आमच्याकडे चार महिन्यांचे लॅब्रॅडॉर जातीचे पिल्लू आहे. घरात आजी-आजोबा केवळ मराठी बोलतात, मुलांच्या तोंडी मात्र सतत इंग्रजी शब्द असतात. प्रशिक्षकांचे म्हणणे असे की, आज्ञा इंग्रजीतच द्याव्यात, कारण कुत्र्यांना इंग्रजी लवकर समजते. हे खरे आहे का? दोन भाषा कानांवर पडल्याने पिल्लाचा गोंधळ तर होणार नाही ना?

उत्तर : कुत्र्याला एखादी भाषा उपजतच सोपी आणि दुसरी अवघड जाते, असे मानण्यास काहीही आधार नाही. आज्ञेचा शब्द त्याच्या लेखी एक विशिष्ट ध्वनी असतो. तो ध्वनी ऐकू आल्यावर अमुक कृती केली की खाऊ किंवा खेळ मिळतो, ही सांगड तो अनुभवाने घालतो, आणि ती घालण्याची त्याची क्षमता आपण समजतो त्याहून बरीच मोठी असते. चेसर नावाच्या बॉर्डर कॉली कुत्रीला तब्बल १,०२२ वस्तूंची नावे ओळखता येत होती, हे तिला शिकवणारे मानसशास्त्रज्ञ जॉन पिली यांनी सहकाऱ्यासह २०११ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात नोंदवले आहे. तेव्हा आठ-दहा आज्ञा कोणत्याही भाषेतल्या असल्या, तरी आपल्या पिल्लाला त्या जड जाणार नाहीत. भाषेची निवड करायची ती घरातील माणसांकडे पाहून.

इंग्रजी आज्ञांचा एक फायदा मात्र खरा आहे, आणि तो सहसा कोणी सांगत नाही. मराठीत आपण कुत्र्याशी घरातल्या लहान मुलाशी बोलावे तसे बोलतो. त्यामुळे एकाच आज्ञेची ‘बस’, ‘बैस’, ‘बस बघू’, ‘बसतोस की नाही’ अशी अनेक रूपे होतात आणि पिल्लाच्या कानांना ते चार निरनिराळे ध्वनी वाटतात. शिवाय ‘चल’, ‘ये’, ‘बस’ हे शब्द दिवसभर माणसांच्या आपसांतील बोलण्यातही येत राहतात. त्या प्रत्येक वेळी आपल्याकडून काहीच अपेक्षित नसते, हे पिल्लू शिकते आणि पुढे त्या शब्दांकडे दुर्लक्ष करू लागते. ‘सिट’ किंवा ‘डाउन’ हे शब्द उसने असल्यामुळे आपण ते फारसे बदलत नाही. हा शिस्तीचा लाभ मराठी शब्दांतूनही मिळवता येतो. त्यासाठी प्रत्येक आज्ञेचे एकच रूप ठरवून, ते कागदावर लिहून, सर्वांना दिसेल अशा जागी लावावे आणि आजोबांपासून नातवंडांपर्यंत प्रत्येकाने ते जसेच्या तसे उच्चारावे.

शब्द ठरवताना त्यांच्या ध्वनींतील अंतर पाहणे फार महत्त्वाचे आहे. बुडापेस्ट येथील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कुत्र्यांच्या मेंदूतील विद्युत-लहरी मोजल्या होत्या. ओळखीची आज्ञा आणि पूर्णपणे वेगळा असा निरर्थक शब्द यांतील फरक त्या लहरींत दिसला. परंतु आज्ञेतील एखादाच वर्ण बदलून केलेला निरर्थक शब्द ऐकवल्यावर तसा फरक आढळला नाही. या दृष्टीने ‘ये’, ‘घे’ आणि ‘दे’ या आज्ञा एकत्र वापरणे मला अयोग्य वाटते. बोलावण्यासाठी ‘इकडे’ आणि तोंडातील वस्तू टाकण्यासाठी ‘सोड’ असे शब्द घेतले, तर ‘घे’ निर्धास्तपणे ठेवता येईल. हाच आक्षेप इंग्रजीतील ‘सिट’ आणि ‘स्टे’ यांनाही काही अंशी लागू पडतो, कारण दोन्हींचा आरंभ सारखाच आहे. ‘बस’, ‘डाउन’, ‘इकडे’, ‘थांब’, ‘सोड’ अशी दोन भाषांची मिसळ केली, तरी कुत्र्याच्या दृष्टीने त्यात काहीच विसंगत नाही. शब्द पिल्लाच्या नावाशी यमक साधणारा नसावा, एवढे मात्र पाहावे.

गोंधळाविषयी विचारले आहे. बुडापेस्टच्याच विद्यापीठातून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १८ कुत्र्यांना स्पॅनिश आणि हंगेरियन भाषांतील मजकूर ऐकवून त्यांच्या मेंदूचे चित्रण करण्यात आले. त्यांपैकी प्रत्येकाला घरच्या सवयीने एकच भाषा परिचयाची होती. परिचित आणि अपरिचित भाषा ऐकताना त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद वेगवेगळा आढळला, म्हणजे भाषेच्या एकूण ध्वनिरचनेची ओळख कुत्र्याला नुसत्या सहवासाने होत असते. घरात दोन भाषा बोलल्या जाणे त्याला मुळीच बाधक नाही. अडचण येते ती एकाच कृतीसाठी पहिल्या दिवसापासून दोन शब्द वापरले की. कुत्रा दोन्ही शिकू शकतो, परंतु त्यासाठी प्रत्येक शब्दाचा स्वतंत्र सराव लागतो, म्हणून आधी एक शब्द पक्का करावा.

आता निवड. घरात ज्या व्यक्तीला आपली बोलण्याची सवय बदलणे सर्वांत कठीण जाते, तिच्या भाषेतील शब्द घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या बाबतीत ती व्यक्ती बहुधा आजी किंवा आजोबा असतील. मुले नवा शब्द सहज उचलतात आणि प्रशिक्षकांनाही मराठी आज्ञा देण्यास काही अडचण नसावी. बोलावण्याच्या आज्ञेबाबत तर हे फारच महत्त्वाचे आहे, कारण पट्टा सुटून पिल्लू रस्त्याकडे धावत असेल, तेव्हा तोंडातून जो शब्द आपोआप बाहेर पडतो, तोच त्याला शिकवलेला असायला हवा.

कौतुकाचे शब्द मात्र ज्याने त्याने आपल्या भाषेत उच्चारावेत. कौतुकाचा शब्द आणि कौतुकाचा स्वर हे दोन्ही जुळले, तरच कुत्र्याच्या मेंदूतील आनंदाशी निगडित केंद्रे अधिक उद्दीपित होतात, असे २०१६ सालच्या एका अभ्यासात आढळले आहे. आणि तो जिव्हाळ्याचा स्वर आपल्या बोलीत जितका सहज उमटतो, तितका घोकलेल्या शब्दात उमटत नाही.

प्रश्न : आम्ही तीन वर्षांचा कुत्रा दत्तक घेतला आहे. आधीचे कुटुंब त्याला आम्हांला न येणाऱ्या भाषेत आज्ञा देत असे. आम्ही ती भाषा शिकावी, की त्याला नव्याने शिकवावे?

उत्तर : भाषा शिकण्याची गरज नाही, पाच-सहा शब्द पुरेसे आहेत. शक्य असल्यास ते आधीच्या कुटुंबाकडून ध्वनिमुद्रित करून घ्यावेत आणि त्यांच्यासारखाच उच्चार साधण्याचा प्रयत्न करावा. नव्या घरात बावरलेल्या कुत्र्याला ओळखीचा शब्द ऐकून फार आधार वाटतो.

त्यानंतर बदल करावा. आधी नवा शब्द उच्चारावा, क्षणभर थांबावे, मग जुना शब्द उच्चारावा आणि कुत्र्याने कृती करताच त्याला बक्षीस द्यावे. हा क्रम उलटा करू नये. जुना शब्द आधी किंवा सोबत आला, तर कुत्रा त्याच्यावरच कृती करतो आणि नव्या शब्दाकडे लक्ष देण्याचे त्याला कारणच उरत नाही. योग्य क्रमाने सराव होत गेला, की तो जुन्या शब्दाची वाट न पाहता नव्या शब्दावरच हालचाल करू लागतो. मग जुना शब्द हळूहळू गाळावा. हाताच्या खुणेवरून शब्द शिकवतानाही हीच रीत वापरावी : शब्द आधी, खूण नंतर. दोन्ही एकदम दिल्यास बहुतेक कुत्री खूणच लक्षात ठेवतात.

एखादा जुना शब्द ऐकताच तो कान मागे पाडत असेल, ओठ चाटत असेल किंवा मान फिरवत असेल, तर त्या शब्दाशी पूर्वीचा धाक जोडलेला असण्याची शक्यता आहे. असा शब्द तत्काळ सोडून द्यावा आणि ती कृती नव्या शब्दाने, खाऊच्या आधारे, पहिल्यापासून शिकवावी.

प्रश्न : राखणीच्या कुत्र्याला जर्मन भाषेत आज्ञा द्याव्यात, म्हणजे परका माणूस त्याला हुकूम देऊ शकत नाही, असे ऐकले. आपले मत काय?

उत्तर : जर्मन आज्ञांच्या प्रसाराचे कारण गुप्तता नाही. जर्मन शेफर्ड ही जात १९व्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत घडवली गेली, पोलिसी कामासाठी कुत्री तयार करण्याची पद्धतही तेथे लवकर रुजली, आणि प्रशिक्षित कुत्री परदेशी गेली तेव्हा त्यांना अवगत असलेले शब्दही सोबत गेले. नव्या हाताळणाऱ्याला ते शब्द आत्मसात करणे अधिक सोपे होते. दैनंदिन बोलण्यात न येणारे शब्द म्हणून ते आजही उपयोगी आहेत, परंतु घरातील प्रत्येकजण त्यांचा उच्चार वेगळा करणार असेल, तर तो लाभ उरत नाही.

कुत्रा कोणाचे ऐकतो, हे शब्दापेक्षा सहवासावर आणि सरावावर अधिक अवलंबून असते. अनोळखी माणसाने अचूक आज्ञा दिली, तरी अनेक कुत्री ती मानत नाहीत. उलट निदान ‘थांब’ ही आज्ञा तरी सर्वांना ठाऊक असलेल्या शब्दात असावी आणि तिचा सराव घराबाहेरच्या माणसांकडूनही करून घ्यावा, कारण कुत्रा भरधाव वाहनासमोर जात असताना त्याच्या सर्वांत जवळ कोण उभे असेल, हे आपल्या हातात नसते.