साडेआठ ते बारा कुणाचे?

«ताई, माझी मुलगी पाच महिन्यांची आहे. जन्मली तेव्हा २ किलो ९०० ग्रॅम होती, आता ६ किलो ४०० ग्रॅम आहे. फक्त अंगावर पिते. रात्री साडेआठला झोपते आणि मग बारा, दोन, साडेतीन, पाच, अशी घड्याळ लावल्यासारखी उठते. मी सगळं आवरून साडेअकराला पाठ टेकते, की बाराला पहिली हाक. सासूबाई म्हणतात, तुझं दूध पातळ आहे, पोट भरत नाही. संध्याकाळी नाचणीची पेज दे, गुटीत जायफळाचे दोन वळसे जास्त दे. शेजारच्या काकू गाईच्या दुधात बिस्किट कुस्करून बाटलीने द्यायला सांगतात. नवऱ्याला ७.१० ची लोकल असते म्हणून तो हॉलमध्ये झोपतो. पुढच्या महिन्यात माझी रजा संपते. संध्याकाळी काय पाजलं म्हणजे ती रात्रभर झोपेल? कधीकधी ती रडत असते आणि मी नुसती बघत बसते, उठावंसंच वाटत नाही. — रात्रपाळीवाली, कल्याण»

रात्रपाळीवाले,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा मुलीची झोप शोधत होते, दुसऱ्यांदा तुझी. मुलीची सापडली: साडेआठ ते बारा, सलग साडेतीन तास. पाच महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या मुलीला ही झोप अजिबात वाईट नाही. फक्त ते साडेतीन तास तू ओट्यापाशी काढतेस.

आधी दुधाचं बोलू, कारण तो आरोप तुझ्या जिव्हारी लागलाय. साधारण पाचव्या महिन्यात जन्माचं वजन दुप्पट व्हावं असं डॉक्टर म्हणतात. तुझी मुलगी दुपटीच्याही पुढे गेली आहे. दिवसाला सहाच्या वर लंगोट ओले होत असतील तर दूध कमी आहे ही शंकाच काढून टाक. अंगावरचं दूध दिसायला पातळच असतं, पाजायला घेताना सुरुवातीचं तर निळसर पाण्यासारखं दिसतं. म्हशीच्या सायीच्या दुधाशी तुलना करायची सवय असलेल्या डोळ्यांना ते पाणीच वाटणार. ते पटकन पचतं आणि पोट लवकर रिकामं होतं, हे मात्र खरं. पण त्याला दोष म्हणत नाहीत.

आता पेज. सहा महिने पुरे होईपर्यंत फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते तुला माहीत असेल, सासूबाईंना त्याने फरक पडणार नाही. त्यांना ही गोष्ट सांग: इंग्लंडमध्ये तेराशेच्या वर बाळांवर एक मोठी पाहणी झाली, २०१८ साली तिचे निष्कर्ष छापून आले. ज्यांना तीन महिन्यांनंतरच वरचं खाणं सुरू केलं, ती बाळं खरंच जास्त झोपली. किती? फरक सगळ्यात जास्त होता तेव्हाही रात्रीला सतराएक मिनिटं. म्हणजे सासूबाई अगदीच खोटं बोलत नाहीत. पण सतरा मिनिटांसाठी महिनाभर आधी पेजेची वाटी हातात घ्यायची का, हे तूच ठरव. मी घेणार नाही. बाटलीतलं बिस्किट तर नकोच नको: घट्ट घोट घशात अडकायची भीती, वर साखर आणि मैदा. गाईचं दूधही वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून देत नाहीत, त्याने बाळाच्या अंगातलं लोह कमी पडतं.

जायफळाबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. माझी आईसुद्धा सहाणेवर गुटी उगाळायची. हळकुंड, मुरडशेंग, बदाम, खारीक, वेखंड, आणि जायफळाचा वळसा आम्ही मुलं मोजायचो. त्या वासावर माझं प्रेम आहे. पण जायफळाने येते ती गुंगी, झोप नव्हे, आणि तान्ह्या जिवाला एक वळसा किती आणि दोन किती याचं माप कुणाच्याच हातात नसतं. गुटीला मध लावून चाटवत असतील तर तेही थांबव, वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. मूल झोपवण्याची ही घाई काही आजची नाही. मुंबईत गिरण्यांच्या काळी पाळीवर जाणाऱ्या बाया तान्ह्यांना अफूची ‘बाळागोळी’ देत. १८९३ साली सरकारने नेमलेल्या अफू आयोगापुढे मुलांना अफू देण्याच्या चालीवर साक्षीही झाल्या. त्या बायांना कुणी दुष्ट म्हणू नये. भोंगा वाजला की त्यांना जावं लागायचं आणि मागे मूल सांभाळायला कुणी नसायचं. तुझ्या घरात तीन मोठी माणसं आहेत.

तर संध्याकाळ. पाचव्या महिन्यात मुलांना जग दिसायला लागतं. हॉलमध्ये टीव्ही चालू, आजीचा आवाज, दाराची बेल, की तुझी लेक चार घोट घेऊन मान वळवून बघते कोण आलं. दिवसभर असं चाखत-माखत पिते आणि राहिलेला हिशोब अंधारात चुकता करते. म्हणून दुपारी चारनंतरचं पाजणं आतल्या खोलीत, पडदा ओढून, फोन बाहेर ठेवून कर. साडेपाच-सहाच्या सुमारास एकदा, दोन्ही बाजू. मग तिन्हीसांजेची ती किरकिर सुरू होईल. आपल्याकडे तेवढ्यात मीठ-मोहरी येते. दृष्ट काढायला माझी काही हरकत नाही, ओवाळून झालं की मुलीला पुन्हा अंगावर घे. संध्याकाळी बाळं अर्ध्या-अर्ध्या तासाने मागतात, ते दूध आटल्याचं लक्षण नसतं. त्या वेळी भराभर प्यावंसं वाटणं हा त्यांचा स्वभावच असतो, आणि तू नको म्हणालीस तर तेच मागणं रात्री दोनला येतं.

साडेसातला अंग पुसणं, कपडे बदलणं, सैल दुपटं. हे सासूबाईंकडे दे. मनापासून सांगते, मालीश आणि अंगाई यांत त्या तुझ्यापेक्षा वरचढ असतील, आणि पेजेवरून हरलेल्या माणसाला दुसरं काहीतरी पूर्ण आपलं मिळालं पाहिजे. धुरी तेवढी नको, तो धूर त्या छोट्या छातीत जातो. मग आठला शेवटचं पाजणं, निवांत. पाच मिनिटांत डोळे मिटून ती नुसती चोखत बसली तर बाजू बदलायच्या आधी लंगोट बदल. गार हवेने जराशी जागी होते आणि दुसऱ्या बाजूचं दूधही नीट पिते. खांद्यावर घेऊन ढेकर काढ आणि पापण्या जड झाल्या पण पूर्ण मिटल्या नाहीत, अशा वेळी खाली ठेव. रोज जमणार नाही. आठवड्यातून तीनदा जमलं तरी खूप. झोपवताना पाठीवर, सपाट घट्ट गादीवर, आणि ती मोहरीची उशी काढून टाक.

पावणेनऊला तू झोपायचंस.

हे वाचून तू हसली असशील. साडेनऊची जेवणं, ओटा, उद्याची भाजी निवडणं, हे सगळं कोण करणार? नवरा आणि सासूबाई करतील, किंवा होणार नाही. तू सातला जेवून घे, तिच्या किरकिरीच्या आधी. मुलीची सगळ्यात लांब झोप रात्रीच्या पहिल्या भागात येते. ती पाजण्याने तू अर्ध्या-पाऊण तासाने वाढवू शकशील, पण हलवून पहाटेकडे नेऊ शकणार नाहीस. मग तुझीच झोप हलवावी लागेल. नऊ ते बारा सलग मिळाले तर साडेतीनचं उठणं वेगळंच वाटतं, हे मी दोन मुलांच्या अनुभवावरून सांगते. पहिल्याच्या वेळी हे मला कळलं नव्हतं. दुसऱ्याच्या वेळी मी पाहुणे बसलेले सोडून उठून जायची, आणि त्याची चर्चा नात्यात बरीच वर्षं चालली.

कधी पाहुणे असतील, सणवार असेल, झोपायला अकरा वाजणारच असतील, तर त्या रात्री साडेदहाला तिला झोपेतच उचलून अंगावर घे. दिवा नको, बोलणं नको. बरीच बाळं डोळे न उघडता पितात आणि बाराऐवजी दीड-दोनला उठतात. काही बाळं मात्र याने टक्क जागी होतात. चार रात्री करून बघ, तुझी लेक दुसऱ्या जातीतली निघाली तर सोडून दे.

बाराचं आणि साडेतीनचं उठणं भुकेचं असेल, पाज. दोनचं आणि पाचचं नेहमी भुकेचं असेलच असं नाही. झोपेतही बाळं कुरकुरतात, हातपाय झाडतात, चेहरा वाकडा करतात. मिनिटभर थांब, मग छातीवर हात ठेवून थोपट. रडणं वाढलंच तर पाजायचं, त्यात हार-जीत काही नाही. ट्यूबलाइट मात्र लावू नकोस, आणि किती वाजले ते बघायला फोनही नको.

‘रात्रभर’ या शब्दाने तुला फार छळलंय असं दिसतं. कॅनडात ३८८ बाळांची पाहणी झाली, तीही २०१८ सालीच छापली गेली. सहाव्या महिन्यात सलग सहा तास न झोपणारी बाळं शंभरात अडतीस निघाली. वर्षाची झाली तरी शंभरातली अठ्ठावीस तशीच होती, आणि त्यांच्या वाढीत काही कमी नव्हतं. शेजारच्या काकूंचा नातू दहा तास झोपतो म्हणे. झोपू दे.

आता तुझं ते शेवटचं वाक्य. ती रडत असते आणि तू नुसती बघत बसतेस. नुसत्या थकव्यानेही असं होतं, आणि म्हणूनच आधी सलग तीन तास झोप घ्यायला सांगितलं. पण ती झोपलेली असतानाही तुला झोप येत नसेल, दिवसभर रडू फुटत असेल, किंवा तिला वा स्वतःला काही करावं असा विचार एकदा जरी येऊन गेला असेल, तर आठवडाभर वाट बघू नकोस. नवऱ्याला आजच सांग आणि तुझं बाळंतपण केलेल्या डॉक्टरकडे जा. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक आहे, रात्री दोनलाही लागतो आणि मराठीत बोलता येतं. बाळंतपणानंतरचं नैराश्य हा आजार आहे, औषधाने आणि बोलण्याने बरा होणारा. मुलीचं वजन वाढायचं थांबलं, लघवी कमी झाली, ताप आला किंवा प्यायलाच नको म्हणाली, तर तिलाही लगेच दाखवायचं.

नवऱ्याला निरोप: लोकल मलाही ठाऊक आहे. शुक्रवार-शनिवारी रात्री आत झोपा. मूल उचलून आणणं, लंगोट बदलणं, ढेकर काढणं, पुन्हा ठेवणं, यांपैकी कशालाही दूध लागत नाही. बायकोने कुशीवर पडल्या पडल्या पाजावं, बाकी तुम्ही.

रजा संपल्यावर रात्री सुधारतील असं धरून चालू नकोस. उलट होण्याची शक्यता जास्त. दिवसा आई नाही म्हणून मुलगी संध्याकाळी आणि रात्री जास्त मागेल. घरी पाऊल टाकलं की हातपाय धुऊन आधी तिला घे, चहा नंतर. त्यासाठी शेवटचं बोंडलं दुपारी साडेचारच्या आतच द्यायला सांग, नाहीतर तू येशील आणि तिचं पोट भरलेलं असेल. काढलेलं दूध आपल्या उकाड्यात चार तासांहून जास्त बाहेर ठेवू नका. आणि कायद्याने मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळात पाजण्यासाठी तुला रोज दोन सुट्ट्या मिळतात. घर लांब आहे, पण दूध काढण्यासाठी त्या वेळा मागून घे. हे रुजू होण्याआधी लेखी विचार.

सहा महिने पुरे झाले की नाचणी सत्त्व, मूगडाळीचं मऊ खिमट जरूर सुरू करा, दोन-तीन चमचे, वाटीने. पण सकाळी अकराच्या सुमाराला. नवा पदार्थ संध्याकाळी दिला आणि पोट दुखलं, तर ती रात्र कुणाच्या वाट्याला येईल ते तुला माहीत आहे. तो पहिला घास सासूबाईंच्या हातून भरवून घे. नाचणी त्यांनीच भिजवून, मोड आणून, वाळवून ठेवलेली असणार, मी पैज लावते.

रुजू होऊन पंधरा दिवस झाले की लिही. तेव्हा तिच्या झोपेच्या आधी तुझी लिही: कितीला पडलीस आणि कितीला उठलीस.

— ताई