वाचकांचे प्रश्न : राष्ट्रीय सुरक्षा धोरणात शिरायचं तर कुठून?

प्रश्न : इलेक्ट्रॉनिक्समध्ये बीई करून तीन वर्षं एम्बेडेड सिस्टिमवर काम करतो आहे. आता राष्ट्रीय सुरक्षा धोरणात काम करायचं आहे. नोकरी सोडून संरक्षणशास्त्रात एमए करू का? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : एवढ्यात सोडू नका. या क्षेत्रात वर्दीतून किंवा सनदी सेवेतूनच जाता येतं, असा समज आहे आणि वरच्या पदांपुरता तो खराही आहे. १९९८ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हे पद निर्माण झालं. तेव्हापासून त्यावर आलेल्या पाच जणांपैकी ब्रजेश मिश्र, जे. एन. दीक्षित आणि शिवशंकर मेनन परराष्ट्र सेवेतले, तर एम. के. नारायणन आणि अजित डोभाल पोलीस सेवेतले. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, १९६५ मध्ये दिल्लीत स्थापन झालेली संरक्षण अध्ययन संस्था आज मनोहर पर्रीकरांच्या नावाने ओळखली जाते. तिला आकार दिला तो के. सुब्रह्मण्यम यांनी, आणि तेही आयएएस.

संशोधनाच्या टेबलांवर मात्र आता अभियंते, अर्थशास्त्रज्ञ, वकील आणि भाषांचे जाणकार दिसतात, कारण विषयच बदलले आहेत. ड्रोनमधला कुठला सुटा भाग बाहेरून येतो आणि तो थांबला तर काय अडेल, हे सांगायला सर्किट उघडून पाहिलेला माणूस लागतो.

तुमच्यासाठी सर्वांत जवळचा विषय म्हणजे निर्यात नियंत्रण. लष्करी आणि नागरी अशा दोन्ही कामांना चालणाऱ्या वस्तूंची ‘स्कोमेट’ नावाची यादी परकीय व्यापार महासंचालनालय ठेवतं. ती उतरवून घ्या आणि तुमच्या रोजच्या कामातले कोणते भाग त्यात येतात ते शोधा. आकड्यातून धोरण कसं ठरतं, याचं एक उदाहरण पाहा. क्षेपणास्त्रांच्या तंत्रज्ञानाची निर्यात रोखण्यासाठी काही देशांनी केलेल्या क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण गटाच्या नियमांत ३०० किलोमीटर पल्ला आणि ५०० किलो भार ही कळीची रेषा आहे. रशिया त्या गटात होता, भारत नव्हता; म्हणून दोघांनी मिळून केलेल्या ब्राह्मोस क्षेपणास्त्राचा पल्ला २९० किलोमीटर ठेवला गेला. २०१६ मध्ये भारत सदस्य झाल्यावर तो वाढवण्याची वाट मोकळी झाली. भार कमी केला की पल्ला वाढतो, हे अभियंत्याला वेगळं सांगावं लागत नाही. नियम करणाऱ्यांनीही ते धरूनच रेषा आखली आहे.

प्राध्यापक व्हायचं असेल तर एमए आणि नेट किंवा सेटसारखी पात्रता परीक्षा हवी. पुणे विद्यापीठात संरक्षणशास्त्राचा विभाग आहे आणि नेटमध्ये हा स्वतंत्र विषय आहे. तसं नसेल तर बेंगळुरूच्या तक्षशिला संस्थेसारखा नोकरी सांभाळून करता येणारा अभ्यासक्रम सुरुवातीला पुरेसा आहे.

प्रश्न : मी सीए आहे. संरक्षणाची आवड आहे, पण माझ्या शिक्षणाचा तिथे काय उपयोग? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : खूप आहे. संरक्षणावर मतं मांडणारे पुष्कळ मिळतात, त्याचा ताळेबंद वाचणारे फार थोडे.

२०२५-२६ चा संरक्षण अर्थसंकल्प घ्या. वर्तमानपत्रांत ६.८१ लाख कोटी हा आकडा आला आणि पुष्कळांनी तो शस्त्रखरेदीचा पैसा समजून लिहिलं. प्रत्यक्षात संरक्षण मंत्रालयाच्या चार वेगवेगळ्या मागण्या, म्हणजे संसदेकडे मागितलेल्या खर्चाचे गट, असतात. त्या वर्षी मंत्रालयाच्या नागरी खर्चाला २८,६८३ कोटी, सेनादलांच्या महसुली म्हणजे पगार, देखभाल अशा रोजच्या खर्चाला ३,११,७३२ कोटी, भांडवली खर्चाला १,८०,००० कोटी आणि निवृत्तिवेतनाला १,६०,७९५ कोटी होते. म्हणजे भांडवली वाटा सव्वीस टक्क्यांच्या आसपास. त्यातही प्रत्यक्ष खरेदीसाठी सुमारे १,४८,७२२ कोटी. बाकीचं संशोधन, जमीन, बांधकामं वगैरेंत जातं. शिवाय खरेदीच्या रकमेतला मोठा भाग आधीच सह्या झालेल्या करारांच्या हप्त्यांना जातो. नव्या करारांना उरतं किती, हा खरा प्रश्न आहे, आणि तो सीएलाच पटकन सुचतो.

इथे तीन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे एका वर्षाचा अर्थसंकल्पी अंदाज दुसऱ्या वर्षाच्या सुधारित अंदाजाशी ताडून पाहणं. अर्थसंकल्पी अंदाज अर्थसंकल्पी अंदाजाशी, सुधारित सुधारिताशी आणि प्रत्यक्ष खर्च प्रत्यक्ष खर्चाशीच ताडायचा. दुसरी, निवृत्तिवेतनाची सगळी रक्कम सैनिकांची समजणं. संरक्षण खात्यातले नागरी कर्मचारीही त्यातच येतात.

तिसरी चूक सर्वांत महागात पडते. संरक्षण खरेदी परिषदेने ‘आवश्यकतेला मान्यता’ दिली की ‘खरेदी झाली’ असे मथळे येतात. खरं तर काम तिथून सुरू होतं. मग प्रस्ताव मागवायचे, तांत्रिक छाननी, मैदानी चाचण्या, किमतीची बोलणी, मोठ्या रकमेला मंत्रिमंडळाच्या सुरक्षा समितीची मंजुरी, आणि शेवटी करार. यातल्या कुठल्याही पायरीवर गाडी अडू शकते. हवाई दलाच्या १२६ लढाऊ विमानांसाठी २००७ मध्ये प्रस्ताव मागवले, २०१२ मध्ये राफेलची बोली सर्वांत कमी ठरली, तरी करार झालाच नाही. २०१६ मध्ये दोन सरकारांतल्या वेगळ्या करारातून ३६ विमानं घेतली गेली. असं एकच प्रकरण निवडा. कॅगचे अहवाल आणि संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अहवाल समोर ठेवून कोणत्या पायरीवर किती महिने गेले त्याचा तक्ता करा.

संशोधन संस्थेकडे अर्ज करताना हाच तक्ता तुमचा कामाचा नमुना. त्यासोबत दोन पानी टिपण जोडा. पहिल्या परिच्छेदात निर्णय कोणी आणि कोणता घ्यायचा, मग तीन पर्याय, प्रत्येकाचा खर्च, आणि तुमची शिफारस. इतिहासाला चार ओळींपेक्षा जास्त जागा देऊ नका. नमुने नाकारले जातात ते बहुतेक वेळा पहिलं पान इतिहासात गेलेलं असतं म्हणून.

प्रश्न : मी संरक्षण प्रयोगशाळेतून शास्त्रज्ञ म्हणून निवृत्त झालो. आता धोरणविषयक लेखन करायचं आहे. परवानगी लागते का? – एक वाचक, पाषाण

उत्तर : हो, लागते. २०२१ मध्ये केंद्रीय निवृत्तिवेतन नियम बदलले. माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतल्या, म्हणजे त्या कायद्यातून सूट असलेल्या, संस्थांतून निवृत्त झालेल्यांना त्या संस्थेच्या कार्यक्षेत्राबद्दल काही प्रसिद्ध करायचं असेल, तर संस्थाप्रमुखांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. त्या अनुसूचीत गुप्तचर संस्थांबरोबर संरक्षण प्रयोगशाळा चालवणारी डीआरडीओसुद्धा आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तिथे मिळवलेल्या ज्ञानावर आधारलेलं लेखनही यात येतं आणि नियम मोडल्यास निवृत्तिवेतनावर गदा येऊ शकते. म्हणून मजकूर संपादकाकडे पाठवण्याआधी परवानगीला पाठवा. प्रत्येक तांत्रिक विधानापुढे ते कोणत्या प्रसिद्ध कागदात आहे हे समासात लिहून ठेवलंत, तर तपासणाऱ्याचं काम सोपं होतं. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा याखेरीज सर्वांनाच लागू आहे.

प्रश्न : मी चिनी भाषा शिकते आहे. या क्षेत्रासाठी किती यायला हवी? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दुभाषी होण्याइतकी नको, पण सरकारी कागद शब्दकोश घेऊन स्वतः वाचता यायला हवा. एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेच्या जुन्या सहा पातळ्यांत पाचवीला सुमारे २,५०० शब्द लागतात. तिथपासून खरी सुरुवात होते. माजी परराष्ट्र सचिव विजय गोखले यांच्या चीनविषयक लेखनाला वजन आहे, त्यामागे त्यांचं चिनी भाषेचं ज्ञान आणि बीजिंग, हाँगकाँग, तैपेई इथली प्रत्यक्ष कारकीर्द आहे.

भाषेचा उपयोग नेमका कुठे होतो ते एका शब्दात पाहा. चिनी लष्करी लेखनात ‘चीची फांगयू’ हा शब्द वारंवार येतो. शब्दशः अर्थ ‘सक्रिय संरक्षण’. भाषांतरावर थांबणारा वाचक चीनचं धोरण बचावाचं आहे असं समजतो. मूळ लेखनात मात्र व्यापक धोरणाच्या पातळीवर बचाव आणि रणांगणाच्या पातळीवर आक्रमण, असा दोन्हींचा मेळ अभिप्रेत आहे.

रोज एक परिच्छेद घ्या. मूळ चिनी आणि चीन सरकारनेच दिलेलं इंग्रजी भाषांतर शेजारी ठेवा, आणि इंग्रजीत काय गळलं किंवा मवाळ झालं त्याची वही ठेवा. विषय मात्र एकच धरा. उदाहरणार्थ, एप्रिल २०२४ मध्ये चीनने आपलं सामरिक साहाय्य दल मोडून अंतराळ, सायबर आणि माहिती-साहाय्य अशी तीन दलं केली. त्यातल्या एकाच दलाबद्दल चिनी भाषेत येणारं सगळं वर्षभर वाचा.