मेकॅनिकनं स्वतःसाठी कोणती गाडी घ्यावी?

तुम्ही विचारलंय, हात बसलेला मेकॅनिक असल्यावर जुनी परदेशी सेडान स्वस्तात घ्यायला काय हरकत, आणि ती नको तर कोणती घ्यावी. हरकत आहे. मी घेऊन बसलोय एकदा.

कोल्हापुरात गॅरेज टाकून मला 22 वर्षं झाली. 2017 साली एका गिऱ्हाइकाची ऑटोमॅटिक सेडान पावणेतीन लाखांत मिळत होती. मी मागंपुढं बघत होतो. दाजी म्हणाले, "अरे तू मिस्त्री, तुला कसली भीती? बिघडली तर खोलायची." घेतली. आठ महिने झक्कास चालली. मग पुण्यात साखरपुडा उरकून येताना खंबाटकीच्या चढाला गिअरनं मान टाकली. भर पाऊस, मागं बायको, बहीण, मांडीवर पोरं, शेजारी दाजी. डिकीत पान्यांचा अख्खा सेट आणि खोलायला काहीच नाही. गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट, म्हणजे गिअर बदलणारा छोटा कॉम्प्युटर, गेलेलं. माझ्या स्कॅनरनं आजाराचं नाव सांगितलं, औषध मात्र त्याच्याकडं नव्हतं, कारण नव्या युनिटचं कोडिंग कंपनीच्याच सॉफ्टवेअरवर होणार. उद्यमनगरातल्या वर्कशॉपातून इंजिनाचं हेड घासून सपाट करून आणून संध्याकाळपर्यंत इंजिन चालू करणारा मी, अकरा दिवस दुसऱ्याच्या काउंटरवर "झालं का हो?" विचारत उभा. त्या रात्री टोइंगवाल्याच्या केबिनमध्ये दाजी म्हणाले, "मिस्त्री ना तू?" दर दिवाळीला फराळाबरोबर हे वाक्य निघतंच.

दाजींना एक कधी पटलं नाही. घरची मजुरी फुकट नसते. माझी गाडी रॅम्पवर चढली की गिऱ्हाइकाची खाली राहते, म्हणून मिस्त्रीची गाडी कायम रांगेत शेवटी. न बिघडणारी गाडी सगळ्यात जास्त आपल्यालाच लागते.

तर मारुती 800 घ्या. 796 सीसी, तीन सिलिंडर. डिसेंबर 1983 पासून जानेवारी 2014 पर्यंत बनली, त्यामुळं सामान तालुक्यालाही मिळतं. एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी कॉम्प्युटरनं पेट्रोल सोडणारी, असली तरी बिचकू नका, सेन्सर मोजकेच. घरात माणसं जास्त असतील तर टोयोटाची क्वालिस: 2.4 लिटरचं साधं डिझेल, कॉमन रेलची, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या डिझेल इंजेक्शनची, भानगड नाही. पण ती 2005 ला बंद झाली आणि चांगली असेल तर मालक सोडत नाही.

हां, 800 ला एअरबॅग नाही, रोज हायवे असेल तर माझं ऐकू नका. कोकणात फिरलेली असेल तर मॅट उचलून पत्रा गंजलाय का बघा. 15 वर्षांनंतर री-पासिंग, म्हणजे आरटीओत पुन्हा नोंदणी, आणि पर्यावरण कर आहेच, ते धरूनच भाव करा.

दाजींनी परवा नवी ऑटोमॅटिक घेतली. मी पेढा खाल्ला, गाडीला हार घातला आणि काही बोललो नाही.