चार दारांची जुनी गाडी घेताना

भाऊ, जुनी गाडी म्हणजे दोनच दारांची, हा हट्ट सोड. आपल्याकडचा खरा मोटार-इतिहास चार दारांतच आहे. प्रीमियर पद्मिनी गाडीचं 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगजवळचा गिअर. तेवढ्यावर आख्खं कुटुंब कसारा घाट चढून नाशकात यायचं!

मुंबईची गाडी असेल तर इंजिनाआधी पत्रा बघ. मॅट उचल, दारांखालची पट्टी आणि डिकीचा तळ टोचून बघ. खाऱ्या हवेनं सडलेला पत्रा नव्या रंगाखाली लपतो. इंजिन पुन्हा बांधता येतं, पत्र्याचं काम मात्र खिसा रिकामा करतं.

टाटा इस्टेट, 1992 ची वॅगन, म्हणजे डिकीपर्यंत छत असलेली लांब गाडी, फारसं कुणी विचारत नाही. मला ती मनापासून आवडते. काचा-दिवे शाबूत असतील तरच घे. आरसीवरचा चासी नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी स्वतः ताडून मगच इसार दे.