थंडीत फ्लॅट विकायला काढताना घर कसं तयार करावं?

पुण्यात डिसेंबर-जानेवारीत जुना फ्लॅट दाखवायचा असेल तर आधी ओल बघा. खिडकीखाली, बाथरूमच्या मागच्या भिंतीवर पावसाळ्यात आलेले पोपडे आता वाळलेले असतात. ते खरवडून, पुट्टी भरून रंग मारायला हाच काळ चांगला. पण गळती तशीच ठेवून नुसता रंग फासू नका. अनुभवी गिऱ्हाईक भिंतीला हात लावून बघतं.

घर दाखवायला सकाळी 11 ते दुपारी 4 ही वेळ उत्तम. या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार आतपर्यंत येतं. पडदे बाजूला सारून ठेवा. संध्याकाळी साडेसहा-सातनंतर अंधारच. नोकरदार मंडळी तेव्हाच येणार असतील तर गेलेले बल्ब आधीच बदला. थंडी म्हणून खिडक्या दिवसभर बंद ठेवल्या की फोडणीचा वास कोंडतो (आपल्याला तो येत नाही, पाहुण्याला येतो). सोफ्यावरच्या गोधड्या उचला, गीझर चालवून दाखवा.

आणि हो, "पौष संपू दे, मग टोकन देतो" असं बरेच जण म्हणतील. तेवढ्यावरून भाव पाडू नका.