तुझ्या तडीपार बाळ्याबद्दल

अगं, कथा वाचली, दोनदा वाचली. दुसऱ्यांदा लोकलमध्ये वाचत होतो आणि उतरायचं स्टेशन मागे गेलं, म्हणजे जमलीय असं समज. पण पहिल्या तीन पानांत चार मुडदे? मला नाही झेपले. एक पुरे, आणि तोही जुना असू दे.

आता बाळ्या. लालबागचा पोरगा, अंगावर दोन हाफ मर्डर, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाच्या केसेस, सगळं सोडून सरळ जगायचंय त्याला, आणि तू त्याला उचलून थेट नागपूरला टाकलंस. का, तर लांब आहे म्हणून. अगं तो तडीपार आहे हे तूच लिहिलंयस ना, मग ते वापर की! आणि ती ऑर्डर कोर्ट काढत नाही हं, मुंबईत डीसीपी म्हणजे पोलीस उपायुक्त काढतो, महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली, जास्तीत जास्त दोन वर्षांची. त्यामुळे तो जजसाहेबांचा हातोडा आधी काढून टाक, आपल्या कोर्टात कुणी हातोडा आपटत नाही, तो पिक्चरमधून आलाय.

समजा त्याला मुंबई शहर, उपनगर आणि ठाणे जिल्हा बंद केलाय. मग तो कर्जतला राहील. रायगड जिल्हा, कायद्याने मोकळा. पण तिथूनच लोकल सुटते आणि दोनेक तासांत दादरला सोडते, आणि त्या लाइनवर शेलू रायगडात आहे आणि पुढचं वांगणी ठाण्यात, म्हणजे शेलूला उतरला तर साधा माणूस आणि झोप लागून वांगणीला उतरला तर गुन्हेगार. एका स्टेशनाचा फरक आहे गं, नागपूर कशाला पाहिजे तुला? त्यात गणपती चार दिवसांवर आलेत असं ठेव. तडीपार पोरं गणपतीत चोरून घरी येतात आणि तिथेच उचलली जातात, पोलिसांना ते पाठ असतं, पोरांनाही पाठ असतं, तरी येतात.

माझं खरं म्हणणं हेच आहे. तुझा बाळ्या फक्त वाईटापासून पळतोय, भाईपासून, केसपासून, त्या चॉपरपासून. पण त्याच गल्लीत त्याची आई आहे, मंडळ आहे, त्याला खांद्यावर घेऊन नाचलेली पोरं आहेत, आणि साधी चहावाल्याने उधारी न मागण्याइतकी का होईना इज्जत आहे. ते सगळं पण सोडावं लागतंय त्याला. हे कथेत कुठेच नाही, म्हणून तो पळतो तेव्हा आपल्याला काही होत नाही.

आणि तो तीन पानांचा फ्लॅशबॅक! गिरणी संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला, तुझा बाळ्या अठ्ठावीसचा, त्याचा तेव्हा जन्मसुद्धा नव्हता. तो संप त्याच्या आजोबांचा. ठेवायचाच तर सकाळच्या भोंग्याच्या वेळेला आपोआप उठून बसणारा म्हातारा दाखव, दोन ओळीत काम होतं.

नेरळला एक टपरीवाला होता माझ्या ओळखीचा, मी कोर्टाच्या बातम्या करायचो तेव्हापासूनचा. जेवायचा संध्याकाळी पाचला. तुरुंगात बराकी बंद व्हायच्या आधी, दिवस मावळायच्या आत जेवण वाटतात, ती सवय, बायको हसायची त्याला. एकदा मी तिथे बसलेलो आणि रस्त्यापलीकडून कुणीतरी त्याला जुन्या नावाने हाक मारली, त्या लाइनीतल्या नावाने. त्याने वर बघितलं नाही. चहा गाळत होता तो गाळतच राहिला, ग्लास भरला, कडेवरून बोटांवर आला, चटका बसत असणार, तरी हात तसाच. हाक मारणारा निघून गेला, भलत्याच माणसाला मारत होता बहुतेक. मग याने शांतपणे ग्लास धुतला आणि मला विचारलं, साखर कमी ना? त्याने काय केलं होतं ते मी कधी विचारलं नाही, तू पण बाळ्याचं सगळं सांगू नकोस.

कलमं तेवढी बघ. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आलीय, हाफ मर्डर ३०७ चं १०९ झालं. पण बाळ्याचे दोन्ही गुन्हे २०१९ चे, त्यांना ३०७ च चालणार, कायदा नवा आला तरी जुन्या गुन्ह्याला जुनंच कलम. यावर भाषण नको हं, नुसतं वकिलाच्या तोंडी एक वाक्य टाक आणि पुढे जा. आणि पेटी (लाख), खोका (कोटी), घोडा (पिस्तूल) हे शब्द एका पानात एकदाच, सारखे आले की लेखकच टपोरी व्हायला बघतोय असं वाटतं (मी पण केलंय हे, माझ्या पहिल्या कथेत सतरा वेळा घोडा होता).

शेवटचा गोळीबार काढ. कर्जतच्या प्लॅटफॉर्मवर गाडी लागलेली असू दे आणि आईचा फोन येऊ दे, तिने ये पण म्हणू नये आणि येऊ नको पण म्हणू नये, फक्त यंदा मोदक किती करू एवढं विचारावं.

पुढचा खर्डा पाठवशील तेव्हा अक्षर मोठं ठेव बाई, मोबाइलवर वाचून डोळे गेले माझे.