इस्रायली पत्रकार व शांतता कार्यकर्ते उरी अवनेरी यांचा विरोध इस्रायलला होता की पॅलेस्टिनी भूभागावरील त्याच्या ताब्याला?
विरोध ताब्याला होता, इस्रायलच्या अस्तित्वाला नव्हे. १९४८ च्या युद्धात स्वतः लढून जखमी झालेल्या अवनेरींचे ठाम मत होते की, १९६७ मध्ये जिंकलेला वेस्ट बँक व गाझा सोडून तेथे पॅलेस्टिनी राष्ट्र उभे राहिल्याशिवाय इस्रायललाही शांतता लाभणार नाही. त्यांचे लेखन आणि कृती दोन्ही याची साक्ष देतात: जुलै १९८२ मध्ये इस्रायली सैन्याचा बैरुतला वेढा पडलेला असताना ते युद्धरेषा ओलांडून पॅलेस्टिनी नेते यासर अराफत यांना भेटले, आणि हे धैर्य मला फार मोलाचे वाटते. मात्र त्यांच्या ‘गुश शालोम’ या शांतता संघटनेने बहिष्काराची हाक दिली ती ताब्यातील भूभागावर वसवलेल्या इस्रायली वसाहतींमधील मालापुरतीच. साऱ्या इस्रायलवर बहिष्कार टाकणे त्यांना मान्य नव्हते.